वॅगनआरचा एक्सल बूट अंगणात बदलला: कंपनीचं किट आणि बाजारातले दोन पर्याय

कंपनीच्या काउंटरवर मिळणारं किट, प्लास्टिकच्या शंकूवरून ताणून चढवायचा बाजारातला बूट आणि गोंदाने चिकटवायचा दोन फाकांचा बूट, हे तिन्ही प्रकार माझ्या हातून बसवून झाले आहेत. पहिला आमच्या वॅगनआरला, बाकीचे दोन शेजारपाजारच्या गाड्यांना, त्या त्या मालकाच्या हट्टापायी. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकाला ताकद नेणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना वळणारा जॉइंट असतो, एक चाकाकडे आणि एक आत गिअरबॉक्सकडे, आणि जॉइंटमधलं ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणारं रबरी कव्हर म्हणजे बूट. मारुतीचं किट घ्या, हा माझा निकाल. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पुढचं लिहितोय ते अशासाठी, की या कामात रबरापेक्षा क्लिपा आणि ग्रीस जास्त महत्त्वाचे असतात, आणि दुकानात गिऱ्हाईक चौकशी करतं ती फक्त रबराची.

मी चिपळूणचा. एसटीच्या डेपोत हात काळे करण्यात उमर गेली, आता निवृत्त. गाडी २०१४ची, बहुतेक फिरणं गुहागर रस्त्याला आणि आतल्या गावांत. आमच्याकडे पक्क्या रस्त्यावरून खाली उतरलं की लाल माती आणि खडी. पावसाळ्यात ती माती चिखल होऊन चाकामागे बसते, उन्हाळ्यात तिचीच धूळ होते. बूट हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा असतो. चाक वळलं की एका बाजूच्या घड्या मिटतात, दुसऱ्या बाजूच्या ताणतात, आणि रबर जुनं झालं की नेमकं घडीच्या तळाशी चिरतं. वरून बघितलं तर बूट धडधाकट दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, बॅटरी मारून, घडी बोटांनी फाकवून बघावी तेव्हा भेग दिसते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की मग रिमच्या आतल्या अंगाला, शॉकअपच्या बुडाला आणि ब्रेकच्या नळीवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसायला लागतात.

शिंतोडे दिसले पण आवाज नाही, हाच बूट बदलायचा मुहूर्त. मोकळं मैदान गाठा, स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू रेस देत गोल फिरवा. कट-कट-कट असा आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढत गेला तर चाकाकडचा जॉइंट खाल्लेला आहे, मग नुसता बूट बदलून काही उपयोग नाही. गिअरबॉक्सकडचा जॉइंट गेला तर असा आवाज येत नाही. कुंभार्ली घाट चढताना रेस दिली की गाडी थरथरते, रेस सोडली की थरथर जाते. हे ओळखता आलं म्हणजे गॅरेजमध्ये कोणी काही सांगितलं तरी आपण विचारात पडत नाही. मला एका ठिकाणी, गाडी साधी वळवूनही न बघता, ‘काका, बूट फाटला म्हणजे एक्सल गेला, आख्खा बदलू’ असं सांगण्यात आलं होतं. मी नमस्कार करून घरी आलो.

एसटीच्या बसला पुढच्या चाकाकडे असला प्रकारच नसतो. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकाला, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा जॉइंट. क्रॉसचा जॉइंट वाकवून फिरवला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा उतरतो. बसमध्ये वाकण थोडं आणि दोन क्रॉस एकमेकांचा फरक खोडून काढतात, म्हणून ते खपून जातं. पण पुढच्या चाकाला ताकद द्यायची आणि तेच चाक वळवायचंही, म्हणजे क्रॉस लावला तर वळणावर स्टिअरिंग हातात धडधडेल. त्यावर फोर्डमधल्या अल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२०च्या दशकात सहा गोळ्यांचा जॉइंट काढला. गोळ्या दोन्ही शाफ्टच्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळे कितीही वळवा, वेग सारखाच. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकावर चालायच्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यामागोमाग हा गोळ्यांचा जॉइंट आणि त्याचा बूट घरोघरी आला. एसटीत उमर घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे काम नंतर शिकावं लागलं, पण क्रॉस बदललेल्या माणसाला त्यात भिण्यासारखं काही नाही.

खरेदीला जाताना गाडीचं आरसी बुक किंवा त्याचा फोटो जवळ ठेवा. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न टाकला, ‘काका, चाकाकडचा की गिअरबॉक्सकडचा?’ दोन्ही, म्हटलं. त्याला वाटलं मी गोंधळलोय. ‘फाटलाय कुठला?’ चाकाकडचा फाटलाय, पण दोन्ही दे. त्याचं कारण पुढे येईलच. चासी नंबरवरून त्याने पार्ट काढून दिले. हे महत्त्वाचं, कारण एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदललं की बुटाचं माप बदलतं, आणि बाजारात ‘वॅगनआरला चालतो’ म्हणून मिळणारा बूट कुठल्या वॅगनआरला चालतो ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. पिशवीत बूट, एक मोठी आणि एक लहान क्लिप, आणि ग्रीसचं पाकीट. चाकाकडच्या किटमधलं ग्रीस काळं, आतल्या जॉइंटचं फिकं. पाकिटांची अदलाबदल करू नका, प्रत्येक जॉइंटचं काम वेगळं, तसं ग्रीसही वेगळं. सोबत हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, मोठा नट नवा घ्या. त्याची कडा स्टबच्या, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाच्या, खाचेत ठोकून बसवायची असते, एकदा उघडलेली कडा परत नीट ठोकली जात नाही.

हत्यारांत दोन गोष्टींवर पैसे घाला. पहिली घोडी, म्हणजे गाडी टेकवायचे पक्के स्टँड. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत इथे लिहिण्याजोगं नाही. दुसरी, कान असलेल्या क्लिपा दाबायची पक्कड. ती नसेल तर सुताराची खिळे उपटायची पक्कड धार बोथट करून चालवून घेता येते, पण साध्या चपट्या पकडीने दाबाल तर कान वाकडा बसतो आणि क्लिप सैल राहते. बाकी गोटी पाने, लांब दांडा, त्यावर घालायला पाईप, सर्कलिपची (खाचेत बसणाऱ्या लोखंडी कडीची) पक्कड, रबरी हातोडी, जुनी धोतरं आणि रॉकेल किंवा डिझेल. हबच्या नटाचा गोटी पाना शेजाऱ्याकडून आणलात तरी तो सहा कोनीच आणा, बारा कोनी पाना घसरून नट गोल होतो.

नट गाडी जमिनीवर असतानाच सोडायचा. आधी ठोकलेली कडा बारीक छिन्नीने उचलून घ्या, मग हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आमच्या सौ. ब्रेकवर पाय देऊन आत बसलेल्या, आणि दांड्याला पाईप. पुढचं काम सरळ आहे. गाडी घोडीवर, चाक बाहेर, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म खाली दाबायचा, मग नकल (हब धरून ठेवणारा लोखंडी भाग) बाहेर ओढून एक्सलचं टोक हबमधून सुटं करायचं. टोकावर लोखंडी हातोडी मारू नका, आटे चेपतात. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, एवढं लक्ष ठेवा. एक्सल सुटल्यावर गाडी चाकावर उतरवून ढकलायची नाही. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच एकत्र धरलेलं असतं, तो दाब नसताना वजन पडलं तर बेअरिंग बाद.

आता दोन्ही किटं का घ्यायची ते. बहुतेक गॅरेजमध्ये चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून हातोडीने ठोकून काढतात. सुझुकीच्या या गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलची पद्धत उलटी आहे: चाकाकडचा जॉइंट उघडायचाच नाही, गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा जॉइंट सोडायचा आणि दोन्ही बूट त्याच बाजूने काढायचे-घालायचे. हेच बरोबर आहे. घरी तर यातच शहाणपणा. त्या गोळ्यांच्या जॉइंटला अंगणात ठोकत बसलं की एक घाव चुकीच्या जागी पडायला वेळ लागत नाही. आतल्या बुटाची मोठी क्लिप कापली की रोलर वाटीतून बाहेर सरकतात आणि वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. वाटीला हात लावायचा नाही. ती ओढलीत तर गिअर ऑइल फरशीवर, आणि वर ऑइल सीलला धोका. तरी खाली एक घमेलं असू द्या. रोलर बाहेर आले की तिन्हींवर लगेच चिकटपट्टी गुंडाळा, एखादा निसटला तर आतल्या बारीक सुया शोधताना रात्र होते. शाफ्ट आणि रोलरचा तिकोना (तिन्ही रोलर ज्यावर बसतात तो भाग) यांवर रंगाने खूण करा, पंचने नको. मग सर्कलिप काढून तिकोना उतरवा, आतला बूट, मागोमाग चाकाकडचा बूट. आतल्या बुटाच्या क्लिपा कापाव्याच लागतात, त्या परत लागत नाहीत, आणि तोही बूट तेवढ्याच वयाचा असतो. दोन्ही किटं आणली ती याचसाठी.

चाकाकडच्या जॉइंटमधलं ग्रीस बोटावर घेऊन चोळून बघा. आमच्या गाडीत ते काळ्याचं विटकरी झालं होतं आणि चिमटीत बारीक खरखर लागत होती. हीच लाल माती गोळ्यांच्या खोबणीत पॉलिश पेपरचं काम करते. जॉइंट न उघडता रॉकेलने धुवायचा: टोक खाली धरून, आतली चकती वाकडी-तिकडी फिरवत, गोळ्यांच्या मधून रॉकेल ओतत राहायचं, खाली पडणारं स्वच्छ होईपर्यंत. मग एकेक गोळी उजेडात आणून खोबण बघायची. चकचकीत पट्टा दिसला तर हरकत नाही, तो सगळ्याच चाललेल्या जॉइंटला असतो. नखाला खड्डा लागला, किंवा पट्ट्याच्या टोकाला पापुद्रा सुटलेला दिसला, तर बूट घालण्याची मेहनत घेऊ नका. आमचा वाचला. धुतल्यावर पूर्ण वाळू द्यायचा, आत रॉकेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. नव्या बुटाला मात्र रॉकेलचा थेंब लागू देऊ नका, कोरड्या फडक्याने पुसायचा, बस्स.

ग्रीसबद्दल एक बजावतो. चाकाकडच्या जॉइंटमध्ये लागतं ते मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस. बेअरिंगला भरतात ते एपी-३ चालत नाही, कितीही चांगल्या डब्यातलं असलं तरी. गोळी खोबणीत नुसती लोळत नाही, घासतेही, आणि तिथला दाब साधं ग्रीस पिळून बाहेर काढतो. पाकिटातलं सगळं ग्रीस घाला, थोडं जॉइंटमध्ये बोटाने दाबून आणि उरलेलं बुटात. जास्त घातलं म्हणजे जास्त टिकेल हा गैरसमज आहे. बूट फुगतो आणि क्लिपेवर ताण येतो. पाकीट मोजून दिलेलं असतं, याच कारणाने मला किट सुट्या बुटापेक्षा परवडतं. बाजारातला सुटा बूट घेऊन ग्रीस वेगळं आणलं की किती घालायचं हा अंदाजपंचे कारभार.

बूट चढवण्याआधी शाफ्टच्या दात्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर नव्या बुटाचं तोंड पहिल्याच ओढीला चिरेल. क्रम: चाकाकडची लहान क्लिप, चाकाकडचा बूट, मग आतला बूट त्याच्या क्लिपेसकट, शेवटी तिकोना, त्याची उतरती कड शाफ्टच्या बाजूला. सर्कलिप खाचेत बसल्याचा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि आता क्लिपा. बाजारातल्या एका किटमध्ये (नाव घेत नाही) क्लिपेचा पत्रा इतका मऊ होता की कान दाबला तसा परत उघडला. रबर मात्र उत्तम. पहिल्या पावसात त्या शेजाऱ्याच्या गाडीत मोठ्या तोंडाकडून ग्रीस झिरपायला लागलं. कंपनीच्या किटमधल्या क्लिपा दाबताना हाताला फरक कळतो, पत्रा शेवटपर्यंत प्रतिकार करतो आणि कान मिटला की मिटलेलाच राहतो. बुटाच्या तोंडाची आतली कड शाफ्टवरच्या खाचेत बसली आहे का, ते क्लिप आवळण्याआधी बोट फिरवून बघायचं. पट्टीची क्लिप असेल तर तिचं टोक एक्सल पुढे फिरतो त्याच्या उलट दिशेला दुमडायचं. आतल्या बुटाची शेवटची क्लिप आवळण्याआधी एक छोटं काम राहतं आणि तेच सगळे विसरतात: बुटाच्या तोंडाखाली बारीक स्क्रूड्रायव्हर सरकवून आत हवा जाऊ द्यायची. नाहीतर आतल्या जॉइंटची लांबी बसवताना बूट आत ओढला जातो, घड्या चिपकतात आणि एकमेकींवर घासून भोक पडतं. हवा गेली की फुस्स असा आवाज येतो आणि बूट आपल्या आकारात येतो. पिळलेला नाही ना, हे उभी रेघ धरून बघायचं आणि मगच क्लिप दाबायची.

ताणून बसणारा बूट मी टाकाऊ म्हणणार नाही. जॉइंट न काढता शंकूला ग्रीस लावून वरून चढवता येतो, एक्सल बाहेर काढून घेतला की काम झटकन होतं. पण तो ‘सगळ्या गाड्यांना’ असतो, लहान तोंड शाफ्टच्या जाडीप्रमाणे कापून घ्यायचं असतं, आणि पातळ रबर खडीच्या रस्त्यावर किती टिकेल याची मला शाश्वती नाही. शहरात, डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला चालून जाईल.

दोन फाकांचा मात्र घेऊ नका. एक्सल न काढता बसतो, हे त्याचं आमिष. चिकटवायच्या कडांना ग्रीसचा एक ठिपका लागला तरी गोंद धरत नाही, आणि ग्रीसने माखलेल्या जॉइंटशेजारी, गाडीखाली आडवं पडून, कड कोरडी ठेवणं कोणाला जमतं? मी बसवलेला जोडावर सुटला. मालक म्हणाला, ‘मिस्त्री, तुम्ही सांगितलंच होतं.’ सांगितलं होतंच.

आख्खा एक्सल कधी बदलायचा? कट-कट आवाज चालू झाला असेल, किंवा जॉइंटमध्ये पाणी जाऊन गंज धरला असेल तेव्हा. २०२१च्या जुलैतल्या पुरात आमच्या बाजारपेठेतल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्यांपैकी ज्यांचा बूट आधीच चिरलेला होता त्यांच्या जॉइंटमध्ये गाळ जाऊन बसला. तिथे किटचे पैसे वाया. एक्सल काही हजारांत जातो, किट काहीशे रुपयांत, त्यामुळे आवाज नसताना किट आणि आवाज आल्यावर एक्सल हा हिशोब सोपा आहे. नुसता चाकाकडचा जॉइंट सुटा मिळतो, तोही चालतो. पण जुना चाललेला एक्सल ‘रिपेअर करून’ विकतात तो मी घेणार नाही, आतल्या गोळ्या कोणी मोजून बघितल्यात?

जोडताना हबचा नवा नट टॉर्क रेंचनेच आवळा, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. छोट्या गाड्यांत तो साधारण दीडशे ते दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाच्या अंदाजाचं काम नव्हे. रेंच नसेल तर चाक बसवून, नट हाताने शक्य तेवढा घट्ट करून, गाडी हलवण्याआधी रेंचवाल्यालाच घरी बोलवा. मग कडा खाचेत ठोका.

किटला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा राखून ठेवलाय, कारण पुढचे दोन पावसाळे बघितल्याशिवाय कुठल्याच रबराला मी पूर्ण गुण देत नाही. ताणून बसणाऱ्याला अडीच, दोन फाकांच्याला शून्य. घरी करायला सवयीच्या माणसाला एका बाजूला अर्धा दिवस धरा, पहिल्यांदा करणाऱ्याने रविवार मोकळा ठेवावा. पाच-सहाशे किलोमीटर झाले की रिमला आतून एकदा फडकं फिरवून बघा. आणि कोणी म्हणालं की एक्सल काढला म्हणजे आता अलाइनमेंट करावीच लागेल, तर त्याला विचारा शॉकअपचे बोल्ट सोडले होते का. सोडले नसतील, टाय रॉडलाही हात लावला नसेल, तर ते पैसे खिशातच ठेवा.